आधी माउंट बघा, मग नाव! जुन्या पोर्ट्रेट लेन्सबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात आपण जुन्या मॅन्युअल लेन्सने काढलेले चार चेहरे छापले आणि तेव्हापासून पत्रांमधे एकच विषय सुरू आहे, ही लेन्स कुठली, माझ्या कॅमेऱ्याला बसेल का, घेताना काय बघू. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमणार नाही म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते इथे एकत्र घेतलेत. काही उत्तरं बरीच लांबलीत, पण नेमकं तिथेच लोकांचे पैसे वाया जातात म्हणून ती तशीच ठेवलीत. माउंट हा शब्द सारखा येईल, माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते तो जोड.

प्रश्न: ताई, माझ्याकडे फुल फ्रेम मिररलेस आहे आणि आत्तापर्यंत फक्त किट लेन्स वापरलीय. घरातल्या माणसांचे चेहरे नीट काढायचेत, त्यासाठी एक जुनी लेन्स घ्यायचं मनात आहे. ज्याला विचारावं तो हेलिओस म्हणतो. सरळ तीच घेऊन टाकू का?

उत्तर: हेलिओस चांगलीच आहे, मी स्वतः खूप वापरलीय, पण सगळे सांगतात म्हणून घेऊ नका, तुम्ही माणसापासून किती लांब उभं राहून फोटो काढता ते आधी बघा. हेलिओस ४४-२ म्हणजे ५८ मिमी एफ २ (मिमीचा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो), सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांबरोबर यायची, डिझाइन मुळात कार्ल झाइस येनाच्या बायोटार ५८ मिमी एफ २ वरून घेतलेलं, आणि ती वेगवेगळ्या कारखान्यांत इतक्या प्रचंड संख्येने बनली की आजही सहज मिळते. मधे छान शार्प, कडेला सैल, आणि मागे झाडं असली की ती गोल फिरल्यासारखी दिसतात, हे सगळं खरं आहे. पण ५८ मिमीने डोकं आणि खांदे एवढीच फ्रेम भरायची, म्हणजे उभ्या फ्रेममधे साधारण ६० सेंटीमीटरचा भाग, तर तुम्हाला १ मीटरवर जावं लागतं. ८५ मिमीने तीच फ्रेम दीड मीटरवरून मिळते आणि १३५ ने जवळपास अडीच मीटरवरून.

आता नाक मोठं दिसणं, कान मागे गेल्यासारखे वाटणं हे लेन्समुळे होत नाही, तुम्ही किती जवळ गेलात त्यामुळे होतं, म्हणून पोर्ट्रेटला ८५ ते १३५ चं नाव निघतं. शिवाय माणूसही एक मीटरवर कॅमेरा आला की अवघडतो, दोन मीटरवर जरा मोकळा होतो, हा माझा कायमचा अनुभव.

तर घरातल्या घरात, छोट्या खोलीत काढणार असाल तर ५० किंवा ५८ घ्या, दुसरा इलाजच नाही. बाहेर अंगणात, गच्चीत काढणार असाल तर माझं पहिलं मत १३५ मिमी. या लेन्सना सध्या कुणी फारसं विचारत नाही त्यामुळे चांगल्या अवस्थेत मिळायची शक्यता जास्त. एकेकाळी एसएलआर घेणारा माणूस दुसरी लेन्स म्हणून बहुतेक वेळा १३५ च घ्यायचा, त्यामुळे एफ २.८ आणि एफ ३.५ च्या ढिगाने आहेत. मायर ऑप्टिकची ओरेस्टर १३५ एफ २.८, पुढे तीच पेंटाकॉन नावाने आली, तिच्या आधीच्या आवृत्तीत ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत येण्याच्या भोकाची, १५ पाती आहेत त्यामुळे थोडं बंद केलं तरी मागचे ठिपके गोलच राहतात. नंतरच्या आवृत्तीत ६ पाती आहेत, तिथे ठिपके षट्कोनी होतात, म्हणून घेताना पाती मोजा.

आणि बजेट थोडं ताणता येत असेल तर निकॉरची १०५ मिमी एफ २.५. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मधे काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो, जो जून १९८५ च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला, तो याच लेन्सचा. तिच्यात कुठलाही चमत्कारिक इफेक्ट नाही, चेहरा चेहऱ्यासारखा देते, आणि खरं सांगायचं तर रोज वापरायला मला असलीच लेन्स आवडते.

प्रश्न: माझा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आहे. ८५ घेऊ की ५०?

उत्तर: ५० घ्या. क्रॉप सेन्सर म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर, तो फोटोच्या कडा कापतो. १.५ क्रॉपवर ५० ची नजर ७५ सारखी होते, ५८ ची ८७ सारखी, म्हणजे पोर्ट्रेटला अगदी हवी तशी. ८५ घेतली तर ती १२७ सारखी होईल, घरात भिंतीला पाठ लागेल. मायक्रो फोर थर्ड्स असेल तर २ ने गुणा. फोकल रिड्यूसर नावाचा काच असलेला ॲडॅप्टरही (ॲडॅप्टर म्हणजे एका माउंटची लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्याला बसवणारी रिंग) मिळतो, ०.७१ वाला १.५ क्रॉपवर लावला की लेन्सचा कोन जवळपास फुल फ्रेमइतकाच परत मिळतो आणि एक स्टॉप उजेडही वाढतो, म्हणजे दुप्पट होतो, पण तो चांगल्या दर्जाचाच घ्यावा लागतो, नाहीतर कडा पार विरघळतात.

प्रश्न: निकॉन डीएसएलआरला एम ४२ वाली (४२ मिमी आट्यांची) हेलिओस लावली, पातळ रिंगचा ॲडॅप्टर आहे. जवळचं दिसतं पण दोन मीटरच्या पुढचं काहीच फोकस होत नाही. लेन्स खराब निघाली का?

उत्तर: लेन्स खराब नाही, चिंता करू नका. हा माउंटचा हिशोब आहे आणि हा एकदा समजला की पुढे कुठलीही लेन्स घेताना फसायला होत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लेन्स जिथे कॅमेऱ्याला टेकते ती कडा आणि आतला सेन्सर यांच्यातलं अंतर प्रत्येक माउंटचं ठरलेलं असतं, त्याला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. जुनी लेन्स ज्या अंतरासाठी बनली तेवढ्याच अंतरावर ती बसली पाहिजे, तरच लांबचं फोकस होतं. आटे असलेल्या एम ४२ चं अंतर ४५.४६ मिमी, निकॉन एफ चं ४६.५, पेंटॅक्स के चं एम ४२ इतकंच ४५.४६, ऑलिंपस ओएम ४६, कॅनन ईएफ ४४, मिनोल्टा ४३.५, कॅनन एफडी ४२. मिररलेसमधे आरसा नसल्यामुळे हे अंतर एकदम कमी, सोनी ई १८, कॅनन आरएफ २०, निकॉन झी १६, फुजी एक्स १७.७. म्हणजे मिररलेसला मधे भरपूर जागा उरते, ती पोकळ नळीच्या ॲडॅप्टरने भरून काढली की झालं, काच लागत नाही, जवळपास कुठलीही जुनी एसएलआर लेन्स बसते. डीएसएलआरमधे आरसा असतो, त्याला हे सुख नाही.

तुमच्या निकॉनचं अंतर मुळातच एम ४२ पेक्षा १ मिमीहून थोडं जास्त आहे, त्यात ॲडॅप्टरची स्वतःची जाडी. समजा सगळं मिळून लेन्स २ मिमी पुढे बसली. तर जास्तीत जास्त किती लांब फोकस होईल ते काढायला लेन्सच्या मिमीचा वर्ग करा आणि त्या जास्तीच्या अंतराने भागा. ५८ चा वर्ग ३३६४, भागिले २, म्हणजे १६८२ मिमी, साधारण १.७ मीटर. तुम्ही सांगताय तेच आलं बघा!

आता हाच हिशोब १३५ मिमीला लावा, वर्ग १८२२५, भागिले २, म्हणजे ९ मीटर. म्हणजे तुमच्याच ॲडॅप्टरवर एम ४२ ची १३५ लावली तर अडीच मीटरवरचं पोर्ट्रेट, चार मीटरवरची पूर्ण उभी आकृती सगळं आरामात होतं, फक्त डोंगर स्पष्ट येणार नाही, आणि तुम्हाला डोंगर काढायचाच नाहीये. मधे काच असलेला ॲडॅप्टर घेतला तर लांबचंही फोकस होतं पण स्वस्तातली ती काच कॉन्ट्रास्ट खाते आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरला सगळं दुधाळ करते. मी तरी तो मार्ग सुचवणार नाही.

निकॉनला सगळ्यात सोपं म्हणजे जुनी निकॉनचीच लेन्स, १०५ एफ २.५ किंवा ८५ एफ २. फक्त १९७७ च्या आधीची, म्हणजे एआय (निकॉनची ऑटोमॅटिक इंडेक्सिंग पद्धत) नसलेली लेन्स सरळ चढवू नका, बऱ्याच बॉडींवर माउंटच्या कडेला एक छोटी पट्टी असते ती अशा लेन्सने मोडू शकते. आणि साध्या एंट्री लेव्हल बॉडीवर मॅन्युअल लेन्स लावली की मीटर चालत नाही, एम मोडवर ठेवून हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, बघत एक्स्पोजर जमवावं लागतं, चार दिवसांत सवय होते.

कॅनन डीएसएलआरवाल्यांनी पण विचारलंय, तुमचं अंतर ४४ आहे त्यामुळे एम ४२, निकॉन, ओएम, पेंटॅक्स के सगळं काचेशिवाय बसतं, मात्र एफडी आणि मिनोल्टा बसत नाही. फुल फ्रेम बॉडीवर काही लेन्सचा मागचा भाग आरशाला लागतो, विशेषतः फोकस लांबवर नेल्यावर, तेव्हा पहिल्यांदा लावाल तेव्हा रिंग जवळच्या टोकाला ठेवून एकेक फोटो घेत हळूहळू पुढे जा.

प्रश्न: ज्युपिटर ९ मिळतेय, ८५ मिमी एफ २, आटे ३९ मिमीचे आहेत असं विक्रेता सांगतो. घेऊ का?

उत्तर: थांबा. आधी त्याला विचारा की ही झेनिटसाठीची आहे की रेंजफाइंडरसाठीची (रेंजफाइंडर म्हणजे लेन्समागे आरसा नसलेला, वेगळ्या खिडकीतून फोकस जुळवायचा जुना कॅमेरा). ३९ मिमी आट्यांच्या दोन वेगळ्या ज्युपिटर ९ आहेत आणि दोन्ही एकाच रिंगमधे फिरून बसतात, इथेच माणूस फसतो. झेनिट एसएलआरवालीचं फ्लँज डिस्टन्स ४५.२ मिमी आणि लायका पद्धतीच्या रेंजफाइंडरवालीचं २८.८. रेंजफाइंडरवाली डीएसएलआरवर कधीच चालणार नाही, मिररलेसवर चालेल पण तिचा ॲडॅप्टर वेगळा. वरून ती १.१५ मीटरच्या आत फोकस होत नाही, एसएलआरवाली ०.८ मीटरपर्यंत येते.

मला हे महागात शिकावं लागलं. एका विक्रेत्याने एसएलआरची आहे असं छातीठोक सांगितलं, मी फोटोत मागची बाजू मागितली नाही, आली ती रेंजफाइंडरची, आणि त्याने परत घ्यायला नकार दिला. तेव्हा माझ्याकडे फक्त डीएसएलआर होता, दोन वर्षं ती लेन्स डब्यात पडून होती. म्हणून सांगते, मागच्या बाजूचा फोटो आल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय कीव्ह कॅमेऱ्यासाठीची ज्युपिटर ९ पण असते, तिला आटे नसतात, तिचा ॲडॅप्टर अजून तिसराच.

लेन्स म्हणाल तर सुंदर आहे. लुडविग बेर्टेले यांच्या झॉनार डिझाइनमधून आलेली, १५ पाती, एफ २ ला त्वचेवर एक मऊ झाक येते जी कुठल्याही फिल्टरने जमत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, एफ २ ला फोकस करून नंतर एफ ४ ला बंद केलं तर फोकस थोडा सरकतो, म्हणून ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्याच ॲपर्चरला फोकस करा.

प्रश्न: एम ४२ लेन्सची ॲपर्चर रिंग फिरते, टकटक आवाज येतो, पण आतली पाती हलतच नाहीत. कायम पूर्ण उघडी. दुरुस्तीला देऊ?

उत्तर: आधी लेन्सच्या मागे बघा, एक छोटी पिन बाहेर आलेली दिसेल. जुना कॅमेरा फोटो काढायच्या क्षणी ती पिन दाबायचा आणि मग पाती बंद व्हायची. तुमचा ॲडॅप्टर ती दाबत नाही, एवढंच आहे. लेन्सच्या बाजूला ए आणि एम असं बटण असेल तर एम वर करा, झालं. बटण नसेल, नंतरच्या हेलिओस ४४एम-४ पासून पुढे ते नाहीच, तर आतून कडा असलेला ॲडॅप्टर घ्या, लेन्स घट्ट फिरवली की ती कडा पिन कायमची दाबून धरते. बोटाने पिन दाबून रिंग फिरवा, पाती हलली तर लेन्स ठणठणीत.

४४-२ ला पिनच नाही, तिला दोन रिंगा आहेत. एका रिंगने ठरवायचं कितीपर्यंत बंद व्हायला हवं, दुसरीने उघडझाप करायची. नवीन माणसाला ती बिघडलेली वाटते पण वापरायला फार सोयीची, फोकस करताना उघडी, फोटोच्या वेळी न बघता बोटाने बंद.

कॅनन एफडीवाल्यांसाठी, तुमच्या ॲडॅप्टरवर स्वतःची एक रिंग असते, ती चुकीच्या बाजूला राहिली तर एफडीची पातीसुद्धा अशीच उघडी राहतात. लेन्स चढवताना एका बाजूला, चढल्यावर दुसऱ्या.

प्रश्न: सगळं नीट बसवलं पण शटरच दाबलं जात नाही.

उत्तर: कॅमेऱ्याला वाटतंय लेन्सच लावलेली नाही. मेनूमधे लेन्सशिवाय शटर चालू करायचा पर्याय शोधा, प्रत्येक कंपनीने वेगळ्या पानावर ठेवलाय पण असतो. मग मोड ए (ॲपर्चर प्रायॉरिटी) वर, आयएसओ ऑटो. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर तिथे लेन्सचा आकडा हाताने भरा, आणि तो लेन्सवर लिहिलेला खरा आकडा, क्रॉपने गुणलेला नाही. १३५ ची काढून ५८ लावली आणि आकडा बदलायचा राहिला तर फोटो उलट जास्त हलतात.

प्रश्न: मॅडम, हेलिओस घेतली फक्त त्या गोल फिरणाऱ्या बॅकग्राउंडसाठी आणि ते येतच नाही. मागे साधा धूसर रंग येतो. माझी नकली आहे का?

उत्तर: नकली नाही. ते फिरणं म्हणजे काय होतं ते सांगते. कडेच्या बाजूने तिरका येणारा उजेड लेन्सच्या नळीच्या काठांनी कापला जातो, त्यामुळे मधे गोल दिसणारे धूसर ठिपके कडेला लिंबाच्या फोडीसारखे चपटे होतात, आणि सगळे मध्याभोवती वळलेले असतात म्हणून डोळ्याला भोवरा दिसतो. याचा अर्थ मागे ठिपके तर हवेत! कोरी भिंत, मोकळं आकाश असेल तर भोवरा कशाचा दिसणार. पानांमधून झिरपणारा उजेड पाहिजे, माणूस तुमच्यापासून दीड-दोन मीटरवर आणि झाडी त्याच्या मागे पाचेक मीटरवर, ॲपर्चर एफ २ च. एफ ४ ला ते जवळपास नाहीसं होतं. झाडी फार लांब गेली तरी सगळं एकजीव होऊन वितळतं, तुमचं बहुधा तेच होतंय. आणि क्रॉप सेन्सर असेल तर ज्या कडांमधे ही गंमत आहे त्याच कापल्या जातात.

चेहरा मात्र मधे किंवा मध्याच्या जवळ ठेवा. कडेला नेलात तर भोवरा चेहऱ्यावरूनच फिरतो.

प्रश्न: विकत घेताना नक्की काय तपासायचं? मला लेन्समधलं काही कळत नाही.

उत्तर: मोबाइलचा टॉर्च पुरेसा आहे. ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा, मग उलट बाजूने. पहिल्यांदा बघाल तेव्हा घाबरायला होईल कारण टॉर्चमधे प्रत्येक जुनी लेन्स धुळीने भरलेली दिसते. धूळ सोडून द्या, तिने फोटोत काही फरक पडत नाही. पुढच्या काचेवर एखाददुसरा बारीक ओरखडा, तोही सोडा. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र सोडू नका, ती सेन्सरच्या जवळ असल्यामुळे तिथला दोष जास्त त्रास देतो.

बुरशी ओळखायची खूण म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे फाटे फुटलेले धागे. कडेला एखादा बारीक ठिपका असेल आणि लेन्स दुर्मिळ असेल तर विचार करता येतो, नाहीतर नको, कारण बुरशीतून निघणारं आम्ल कोटिंग खातं आणि साफ केल्यावरही तिचे डाग काचेवर राहतात. धुकं म्हणजे हेझ वेगळं, ते आतल्या काचेवर धुरकट साय धरल्यासारखं दिसतं, जुन्या ग्रीसची वाफ बसून होतं. फोटोत हे बुरशीपेक्षाही जास्त जाणवतं कारण सगळा फोटोच फिका पडतो, पण जाणकार माणूस लेन्स उघडून बऱ्याचदा साफ करून देतो. तिसरा प्रकार, दोन काचा चिकटवलेल्या असतात तिथला डिंक सुटतो, कडेला इंद्रधनुष्यासारखे पट्टे किंवा तेलाच्या थेंबासारखं काहीतरी दिसतं. ती लेन्स खाली ठेवा. दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या वर जातो.

पात्यांवर तेल असेल तर ती ओली चकचकीत दिसतात. हाताने बंद करायच्या लेन्सला त्याने लगेच काही बिघडत नाही, पण तेच तेल उद्या वाफ होऊन काचेवर बसणार हे धरून भाव करा. फोकस रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, सगळीकडे सारखी जड किंवा सारखी हलकी पाहिजे, मधेच अडकली तर कधीतरी पडलेली आहे. पुढचा भाग धरून हलवा, खडखड नको. फिल्टरच्या आट्याला पोचा असेल तर एवढं वाईट वाटून घेऊ नका, दिसायला वाईट, फोटोला काही नाही, आणि त्या पोच्यामुळे भाव उतरतो!

लांबून मागवत असाल तर विक्रेत्याकडून टॉर्च मारून काढलेला फोटो, मागच्या माउंटचा फोटो, पाती अर्धी बंद केलेला फोटो आणि दोन्ही रिंगा फिरवतानाचा छोटा व्हिडिओ मागा. एकदम नवीकोरी, मस्त कंडिशन या शब्दांना काही अर्थ नाही. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही, मग लेन्स कितीही हवीहवीशी असो.

आणि घरी आणल्यावर चामड्याच्या मूळ पाऊचमधे ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आर्द्रता ४० ते ५० टक्के.

प्रश्न: ताकुमार ५० मिमी एफ १.४ मिळाली पण काच चहासारखी पिवळी आहे. कुणीतरी म्हणालं रेडिओॲक्टिव्ह आहे, फेकून दे. घरात लहान मूल आहे, खरंच धोका आहे का?

उत्तर: फेकू नका. त्या काळी काचेचा अपवर्तनांक वाढवायला तिच्यात थोरियम मिसळायचे, सुरुवातीची आठ काचांची आवृत्ती सोडली तर पेंटॅक्सच्या सुपर ताकुमार ५० एफ १.४ मधे ती काच आहे. किरणोत्सर्ग असतो हे खरं, पण फोटो काढण्यापुरती वापरली आणि एरवी कपाटात ठेवली तर काळजीचं कारण नाही. उशाशी ठेवू नका, मुलाला खेळायला देऊ नका, काच फुटली किंवा घासली गेली तर तिची भुकटी श्वासात जाऊ देऊ नका, एवढं पाळा.

पिवळेपणा त्याच किरणांमुळे वर्षानुवर्षं साठत येतो आणि अतिनील प्रकाशाने उतरतो. युव्ही एलईडीखाली काही दिवस किंवा खिडकीत उन्हात काही आठवडे ठेवा. उन्हात ठेवताना मागचं झाकण लावलेलंच असू दे, नाहीतर ती भिंग आहे, ऊन एका ठिकाणी गोळा करून काहीतरी जाळेल. फार तापूही देऊ नका, ग्रीस पातळ होतं. घाई नसेल तर व्हाइट बॅलन्सने पिवळेपणा तसाही निघून जातो, फक्त उजेड थोडा कमी मिळतो.

प्रश्न: दहातले आठ फोटो फोकसच्या बाहेर. चष्मा आहे मला. मॅन्युअल माझ्यासाठी नाही असं समजू का?

उत्तर: असं अजिबात समजू नका. फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ २ ला दीड मीटरवर फोकसची खोली फक्त साडेतीन सेंटीमीटर असते, डोळा शार्प आणि कान धूसर. तुम्ही श्वास घेताना पुढेमागे झुकलात तरी तेवढं जातं. म्हणजे डोळ्यांचा दोष नाही.

आधी व्ह्यूफाइंडरच्या बाजूचं चष्म्याच्या नंबराचं छोटं चाक जुळवा, लेन्सकडे न बघता आतली अक्षरं स्पष्ट दिसेपर्यंत. बऱ्याच जणांनी ते कधी हलवलेलंच नसतं. मग फोकस पीकिंगवर पूर्ण विसंबू नका, ते रंगीत काठ उघड्या ॲपर्चरला नाक, भुवई, डोळा सगळीकडे एकदम चमकतात. त्याऐवजी मॅग्निफिकेशनचं बटण अंगठ्याखाली आणा, जवळचा डोळा मोठा करून पापण्या शार्प करा, मोठं केलेलंच असताना फोटो घ्या. फोकस करून फ्रेम फिरवायची सवय असेल तर ती सोडा, फिरवताना ते साडेतीन सेंटीमीटर हमखास निघून जातात. मी रिंग एका जागी ठेवून स्वतः किंचित पुढे झुकते आणि दोन-तीन फोटो ओळीने घेते, त्यातला एक बसतोच. सुरुवातीला एफ २.८ वर काढा, चेहऱ्याला पुरेसं धूसर तरीही मिळतं. समोरच्या माणसाला सांगा की वेळ लागेल, बोलत राहा. मला या लेन्सबद्दल प्रेम आहे ते यासाठीच, त्या अर्ध्या मिनिटात माणूस पोज सोडतो.

डीएसएलआरवाल्यांनी लाइव्ह व्ह्यू वापरा, हल्लीच्या फोकसिंग स्क्रीनवर एफ २ ची खरी खोली दिसतच नाही.

प्रश्न: ट्रायोप्लान १०० परवडत नाही. साबणाच्या फुग्यांसारखे ठिपके दुसऱ्या कशाने येतील?

उत्तर: ट्रायोप्लानमधे फक्त तीन काचा आहेत आणि तिच्यात गोलीय दोष राहतो, म्हणून ठिपक्याची कड उजळ आणि मधला भाग फिका येतो. तीन काचांच्या इतर जुन्या लेन्समधेही हे कमीअधिक दिसतं, स्लाइड प्रोजेक्टरच्या जुन्या लेन्समधे तर छान दिसतं, फक्त तिला ना ॲपर्चर ना फोकस रिंग, त्यामुळे हेलिकॉइड ॲडॅप्टर (फिरवला की लेन्स पुढेमागे करणारा आट्यांचा) लावून बसवावी लागते. हाताने जोडाजोड आवडत असेल तर करा.

प्रश्न: आजोबांच्या कॅमेऱ्याबरोबर एक लेन्स निघाली, फोकस रिंग दगडासारखी घट्ट. घरी दोन थेंब तेल सोडलं तर चालेल का?

उत्तर: नाही, तेल अजिबात नको, गंज सोडवणारा स्प्रे तर त्याहून नको! तो आतून पसरत पात्यांवर आणि काचेवर जातो आणि जी लेन्स फक्त घट्ट होती ती खराब होते. आतलं ग्रीस वाळून चिकट झालंय, ते पुसून काढून नवीन भरायला हवं. जोर लावूनही फिरवू नका, आतले छोटे स्क्रू तुटतात. जुन्या लेन्स जाणणाऱ्या मेकॅनिककडे द्या, हे काम त्यांना नेहमीचं असतं. स्वतःच करायची इच्छा असेल तर ती आजोबांच्या लेन्सवर करू नका, आधी एखादी काच गेलेली, टाकाऊ लेन्स आणून दोन-तीनदा उघडा आणि बंद करा. हेलिकॉइडला एकापेक्षा जास्त आटे सुरू होतात, दोन नळ्या ज्या जागी सुटतात तिथे नेमकी खूण केली नाही तर परत बसवताना चुकीच्या आट्यात जातात आणि लांबचं फोकस जातं.

तोपर्यंत लेन्सच्या पुढच्या रिंगवर जे काही कोरलंय ते जसंच्या तसं लिहून पाठवा, आणि मागच्या माउंटचा एक फोटो सोबत, तुमच्या कॅमेऱ्याला कुठला ॲडॅप्टर लागेल ते पुढच्या अंकात सांगते.